क्रिवोरिव्न्या : फिल्म सोसायटी चालवणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या, चित्रपट मंडळं आणि रसास्वाद शिबिरं चालवणारे सर्व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीच्या खेळाला गेले होते. सर्गेई पाराजानोव्हचा ‘विसरलेल्या पूर्वजांच्या सावल्या’ लावला होता. बाहेर धो धो पाऊस, तरी सभागृह निम्म्याहून जास्त भरलेलं, त्यात कॉलेजची मुलंही बरीच. फार बरं वाटलं. दारात परिचयपत्रक हातात पडलं आणि पहिल्याच ओळीशी थांबले. ‘अभिजात रशियन चित्रपट. भाषा : रशियन.’ खेळ संपल्यावर ज्यांनी रसग्रहण केलं तेही ‘रशियन खेड्यातल्या रूढी’, ‘रशियन लोकसंगीत’ असंच बोलत राहिले. मी हात वर केला, पण वेळ संपली होती आणि रखवालदार दारात किल्ल्या घेऊन उभा होता. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

त्या सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक तिच्या एकटीची नाही. आपल्याकडे पूर्वी हे सिनेमे सोव्हिएत वकिलातीच्या प्रिंटांवर यायचे. सोव्हिएत म्हणजे रशियन हे समीकरण तेव्हापासून आपल्या जिभेवर बसलं आहे, आणि मीही ते कित्येक वर्षं बोलत आले. ज्या गावात हा सिनेमा घडला त्या गावात जाऊन आल्यावर मात्र तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

गावाचं नाव क्रिवोरिव्न्या. पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन पर्वतात, काळ्या चेरेमोश नदीच्या काठी. माझी भाची इव्हानो-फ्रांकिव्स्कला मेडिकलला होती. 2018 च्या मे महिन्यात तिला भेटायला गेले तेव्हा तिथून शंभरावर किलोमीटरचा रस्ता धरून आम्ही दोघी तिकडे गेलो. कोसिव्ह गाव लागतं, मग याव्होरिव्ह. इथे मेंढीच्या लोकरीची जाड, केसाळ घोंगडी विणतात, त्यांना लिझ्निक म्हणतात. मग बुकोव्हेत्सची खिंड. खिंड उतरलं की नदी दिसते, आणि नदीच्या दोन्ही अंगांना डोंगरउतारावर विखुरलेली घरं. आपल्या डोळ्यांना सवय असते ती वाडीची, घराला घर लागून. इथे एका घरातून शेजाऱ्याकडे जायचं तर एक टेकाड उतरून दुसरं चढावं लागतं.

हा हुत्सूलांचा मुलूख. डोंगरात मेंढ्या-गुरं राखणारे, लाकूड तोडणारे, लाकूड कोरणारे हे लोक युक्रेनीच, पण बोली वेगळी, पेहराव वेगळा, गाण्याचा ठेका वेगळा. उन्हाळा आला की गुराखी कळप घेऊन पोलोनिनेवर, म्हणजे वरच्या कुरणावर चढतात आणि थंडीच्या तोंडावर उतरतात. वर पोचल्यावर पहिलं काम आगटी पेटवण्याचं. ती आग हंगामभर विझू द्यायची नाही असा नेम. खालच्या रानातलं लाकूड पूर्वी नदीनं जायचं. वरच्या ओढ्यांवर लाकडी बंधारे घालून पाणी तुंबवायचं, ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि दार उघडून साठलेल्या पाण्याच्या लोंढ्याबरोबर ते सोडायचे. तराफ्यावर सुकाणू धरून उभा असलेला माणूस खडकांमधून वाट काढत जायचा, आणि कधी कधी परत यायचा नाही. तुमच्या सिनेमाची सुरुवात आठवा. झाड कोसळतं आणि त्याखाली नायकाचा, इव्हानचा, थोरला भाऊ सापडतो. ते दृश्य आपल्याला प्रतीक वाटतं. तिथल्या माणसांना ते आपल्याच घरातलं वाटत असणार.

राज्यकर्ते म्हणाल तर या गावानं एका शतकात इतके बघितले की मोजताना बोटं कमी पडतात. 1772 पासून ऑस्ट्रिया, 1918 मध्ये थोडे महिने पश्चिम युक्रेनी प्रजासत्ताक, मग पोलंड, 1939 मध्ये सोव्हिएत, 1941 पासून हिटलरच्या युतीची राजवट, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत, आणि 1991 पासून युक्रेन. गाव होतं तिथेच राहिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावात एक पाद्री होते, ओलेक्सी व्होलान्स्की. त्यांचं घर पाहुण्यांना सदा उघडं. लोकसाहित्याचे मोठे संग्राहक व्होलोदिमिर ह्नात्युक उन्हाळ्यात इथे येऊन राहायचे. इव्हान फ्रांको यायचे, कवी, कादंबरीकार, अनुवादक आणि पश्चिम युक्रेनचा त्या काळातला सगळ्यात मोठा लेखक. भाची शिकत होती त्या शहराचं जुनं नाव स्तानिस्लाव्हिव्ह. 1962 मध्ये फ्रांकोंच्या नावावरून ते इव्हानो-फ्रांकिव्स्क झालं. आपल्या शेकडो मुलांच्या पदवीच्या कागदावर त्यांचं नाव आहे, आणि ते कोण हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही. फ्रांको इथे वासिल याकिब्युक नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरायचे. त्या लाकडी घरात आता त्यांचं संग्रहालय आहे. चेरेमोश नदी त्यांच्या कथेच्या नावातच आहे : ‘यूरा शिकमान्युकनं चेरेमोश कसा ओलांडला’. शेवटच्या वर्षांत हात लुळे पडले, तरी ते पहिल्या महायुद्धापर्यंत इथे येत राहिले.

इतिहासकार मिखायलो ह्रुशेव्स्की यांनी तर इथे बंगलाच केला. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ते इथेच उन्हाळा घालवत होते. त्या युद्धात बंगला जळाला. पुढे 1917 मध्ये कीव्हमध्ये युक्रेनची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष हेच. बंगला त्याच जागी पुन्हा उभारून तिथे संग्रहालय केलं आहे. आम्ही गेलो तेव्हा अंगणात एक बाई गवत कापत होती. विळा बाजूला ठेवून, हात पुसून तिनंच आम्हाला दार उघडून दिलं.

खार्किव्हहून, झारच्या पोलिसांना चुकवून, ह्नात खोत्केविच नावाचा लेखक आणि संगीतकार या बाजूला आला. त्यानं 1910 मध्ये शेजारच्या क्रास्नोईल्ल्या गावात हुत्सूल शेतकऱ्यांची नाटक मंडळी उभी केली. बहुतेक नटांना लिहिता-वाचता येत नव्हतं, संवाद ऐकून पाठ करायचे. ही मंडळी गॅलिशियाभर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या या पश्चिम मुलुखात, दौरे करत होती. क्रिवोरिव्न्यातच आजोळच्या वाड्यावर हुत्सूल दाईच्या अंगाखांद्यावर स्तानिस्वाव्ह विन्त्सेन्झ हा पोलिश मुलगा वाढला. मोठेपणी त्यानं हुत्सूलांच्या कथा-दंतकथांवर पोलिशमध्ये अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीत राहून त्यानं ज्यूंचे जीवही वाचवले. एवढ्याशा गावाला तेव्हापासून ‘युक्रेनी अथेन्स’ म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि याच पाहुण्यांत मिखायलो कोत्स्युबिन्स्की होते. ते राहायचे दूर चेर्निहिव्हला, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात. 1910 मध्ये पहिल्यांदा धावती भेट झाली, मग 1911 आणि 1912 चे उन्हाळे. वहीत हुत्सूल शब्द, शपथा, भुताखेतांची नावं टिपून घेत ते डोंगर हिंडले आणि 1911 मध्ये त्यांनी ती दीर्घकथा लिहिली, तुम्ही दाखवता त्या सिनेमाची. 1912 च्या भेटीनंतर वर्षभरातच, 1913 च्या वसंतात, ते गेले.

त्यांच्या जन्मशताब्दीला, 1964 मध्ये, कीव्हच्या दोव्झेन्को स्टुडिओनं सिनेमा केला. दिग्दर्शक तिब्लिसीत जन्मलेला आर्मेनियन. छायाचित्रण यूरी इल्येन्को यांचं, संगीत मिरोस्लाव्ह स्कोरिक यांचं, इव्हानच्या भूमिकेत इव्हान मिकोलाय्चुक. आणि पडद्यावर बाकीचा जो गाव दिसतो तो खरोखरच गाव आहे. क्रिवोरिव्न्या, आजूबाजूच्या वाड्या आणि जवळचं वेर्खोव्हिना इथली माणसं आपले कपडे घालून, आपल्या बोलीत बोलत उभी राहिली. त्या काळी युक्रेनी सिनेमा रशियनमध्ये डब करून मगच देशभर पाठवायची पद्धत होती. पाराजानोव्हनं डबिंगला नकार दिला. मूळ ध्वनिपट हुत्सूल बोलीतच राहिला. ज्या चित्रपटाच्या दिग्दर्शकानं रशियन भाषा अंगाला लावून घेतली नाही, त्याच्या पत्रकावर आपण ‘भाषा : रशियन’ छापतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला लहान वाटत नाही.

रसग्रहणात ज्या ‘रशियन रूढी’चं फार कौतुक झालं, म्हणजे लग्नात इव्हान आणि पालाह्ना यांचे डोळे बांधून दोघांच्या मानेवर बैलाचं जू ठेवतात ती, ती रशियन तर नाहीच, पण हुत्सूलही नाही. ती पाराजानोव्हची कल्पना. गावकऱ्यांनी मात्र ती इतक्या गांभीर्यानं पार पाडली की पिढ्यान्‌पिढ्यांची वाटावी. उलट शेवटी प्रेताशेजारी जमून माणसं खेळ खेळतात, हसतात, ते पाहून आपले प्रेक्षक चपापतात. ती चाल खरी, हुत्सूलांची जुनी. कुठलं गावाचं आणि कुठलं दिग्दर्शकाचं हे सांगितलं तर सिनेमा जास्त कळतो, असं मला वाटतं.

गावाच्या वरच्या अंगाला एक ग्राझ्दा जपून ठेवली आहे. या सिनेमातली काही दृश्यं तिथे घेतली आहेत. चढ चांगलाच आहे, दोनदा बसावं लागलं. ग्राझ्दा म्हणजे डोंगरातला हुत्सूल वाडा. एका बाजूला राहतं घर, बाकी बाजूंना गोठा, कोठार, सरपणाची पडवी, आणि हे सगळं ओंडक्यांच्या उंच भिंतीनं एकमेकांना जोडून मधे बंद अंगण केलेलं. बाहेरून बघितलं तर खिडकी नाही, फक्त लाकूड आणि एक दार. लांडगा, बर्फ आणि दरोडा या तिन्हींपासून एकाच भिंतीनं राखण. दार ढकलून आत गेलं की वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो. आपल्याकडे दिंडी दरवाजातून वाड्याच्या चौकात शिरताना होतं तसंच. घरात शिरताना मान लववावी लागते इतकी चौकट खाली. दोन्ही बाजूंना दोन खोल्या, मधे थंड, अंधारी ओसरी. आतल्या तुळईवर क्रूस आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुलांची चक्रं कोरलेली. धुरानं तुळई काळी झाली आहे, पण कोरलेल्या रेघांच्या कडांवर बोट फिरवलं तर त्या अजून धारदार लागतात. भाची म्हणाली, “मावशी, हे तर त्या पिक्चरमधलं.” मी तिला होस्टेलवर लॅपटॉपवर आदल्याच रात्री तो दाखवला होता.

खाली आल्यावर एका घरी बानोश खाल्ला. मक्याच्या कण्या साईत, लाकडी पळीनं एकाच दिशेला ढवळत शिजवतात आणि वर मेंढीच्या दुधाचं खारट चीज कुस्करून घालतात. पळी थांबवायची नाही म्हणून घरातली म्हातारी आमच्याशी बोलतानाही चुलीकडेच तोंड करून होती.

गावाचं चर्च जुनं, लाकडी, वरून पाहिलं तर क्रूसाच्या आकाराचं. नाताळात इथूनच कोल्यादा निघते. फक्त पुरुषांच्या टोळ्या, हातात छोट्या कुऱ्हाडी, बरोबर शिंग आणि फिडल. पाद्र्याचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग बर्फातून डोंगरावरच्या घराघरात जाऊन गायचं, नाचायचं. प्रत्येक माणसासाठी वेगळं गाणं. घरधन्याचं वेगळं, त्याच्या बायकोचं वेगळं, मुलीचं वेगळं, आणि त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर त्याच्यासाठीही. सोव्हिएत काळात या गाण्यांवर सरकारची वक्रदृष्टी होती, तरी ती गावात टिकली. सिनेमात जी लांबलचक लाकडी तुतारी वाजते ती त्रेंबिता. माणसाहून दुप्पट लांब, आणि वीज पडलेल्या स्प्रूसच्या लाकडाची सगळ्यात चांगली असं तिथे मानतात. कळपाला हाक द्यायला, आणि दरीपलीकडच्या लोकांना मरण कळवायला ती वाजवायची.

आता एका बाईबद्दल सांगते. माझा जीव तिच्यात अडकला आहे. पारास्का प्लित्का-होरित्स्वित. 1927 चा जन्म, लोहाराची मुलगी. युद्धानंतर युक्रेनी बंडखोरांना मदत केल्याच्या आरोपावरून तिला 10 वर्षांची शिक्षा झाली आणि सोव्हिएत छावण्यांत पाठवलं. सुटून आली ती क्रिवोरिव्न्यात एकटी राहिली. कॅमेरा मिळवला, स्वतःच शिकली, आणि गावाचे फोटो काढत राहिली. लग्नं, प्रेतयात्रा, शाळेची पोरं, सणाच्या कपड्यातल्या म्हाताऱ्या. हातानं पुस्तकं लिहिली, चितारली, शिवली. 1998 मध्ये ती गेली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी तिच्या घरात धूळ खात पडलेल्या हजारो निगेटिव्ह सापडल्या आणि 2019 मध्ये कीव्हच्या मोठ्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन झालं. तिच्या हस्तलिखितांत एक मोठी साहसकथा आहे आणि ती घडते भारतात. डोंगरातल्या त्या खोलीत बसून, भारत कधीही न बघता, या बाईनं आपला देश मनानं रचला. आणि आपण तिच्या गावाचा देशसुद्धा नीट सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी एवढं पत्र? त्या शब्दाची किंमत या माणसांनी भरली आहे, म्हणून. ह्रुशेव्स्कींना 1914 मध्ये झारच्या पोलिसांनी पकडून हद्दपार केलं, 1931 मध्ये सोव्हिएतांनी पुन्हा पकडलं. खोत्केविचला 1938 मध्ये गोळी घातली. 4 सप्टेंबर 1965 ला कीव्हच्या ‘उक्राइना’ चित्रगृहात याच सिनेमाचा खेळ होता. त्या उन्हाळ्यात युक्रेनी लेखक-कलावंतांची गुपचूप धरपकड चालली होती. समीक्षक इव्हान द्झ्यूबा मंचावर गेले आणि अटकांबद्दल बोलू लागले. खाली पत्रकार व्याचेस्लाव्ह चोर्नोव्हिल आणि तरुण कवी वासिल स्तुस उभे राहिले, आणि जुलमाच्या विरोधात असाल तर उभे राहा असं त्यांनी प्रेक्षकांना आवाहन केलं. काहीजण उभे राहिले. स्तुसचं पुढचं शिक्षण बंद झालं. मग तुरुंग, छावण्या. 1985 मध्ये उरलजवळच्या छावणीत तो मेला तीही 4 सप्टेंबरचीच रात्र. पाराजानोव्ह स्वतः 1973 ते 1977 तुरुंगात होता. सिनेमा बघायला आलेल्या माणसांनी उभं राहून सांगितलं की आम्ही वेगळे आहोत, आम्हाला आमचं नाव आहे. तुम्ही सिनेमाची माणसं आहात. या खेळाची हकिकत तुमच्या मंचावरून सांगितली जायलाच हवी.

आणि फेब्रुवारी 2022 पासून तर हा प्रश्न इतिहासाचाही राहिलेला नाही. ‘तुम्ही वेगळे नाहीच’ हे सांगायला त्या देशावर क्षेपणास्त्रं पडत आहेत. 24 फेब्रुवारीला पहाटे इव्हानो-फ्रांकिव्स्कच्या विमानतळावर हल्ला झाला तेव्हा आपली मराठी मुलं त्याच शहरात होती. भाची तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तळघरातून तिचा फोन आला तो आवाज मी विसरणार नाही. मग बसनं रोमानियाची सीमा, थंडीत ताटकळणं, आणि सरकारच्या विमानानं परत. तिची घरमालकीण शेवटच्या दिवशी डबा भरून द्यायला आली होती. तिचा मुलगा त्याच आठवड्यात सैन्यात दाखल झाला.

तेव्हा माझं मागणं असं आहे. या सिनेमाचा खेळ लावाल तेव्हा आधी दहा मिनिटं गावाला द्या. नकाशा लावा, नाव उच्चारा. इंग्रजी उपशीर्षकांत गाण्यांचे शब्द बरेचदा गाळलेले असतात. युक्रेनी जाणणारं कुणी गाठून निदान त्या गाण्यांचा मराठी अर्थ कागदावर द्या. अशी माणसं शोधायला लांब जायला नको. तुमच्याच शहरात, तालुक्याच्या गावात, तिथे पाच-सहा वर्षं राहून आलेली डॉक्टर मुलं-मुली आहेत. कुणी दवाखाना थाटला आहे, कुणी अजून परीक्षा देतं आहे. त्यांना आपण फक्त ‘युद्धातून सुटून आलेली मुलं’ म्हणून एकदा हारतुरे घातले आणि सोडून दिलं. त्यांना बोलवा. नदी कशी दिसते, बानोश कसा लागतो, त्या भाषेत ‘धन्यवाद’ कसं म्हणतात, हे त्यांना विचारा. ‘द्याकूयू’ म्हणतात.

माझ्याकडे गावाचे मी काढलेले काही फोटो आहेत आणि हाताने काढलेला एक नकाशा आहे. कुठल्याही सोसायटीला हवा असेल तर घेऊन येईन, माझ्या खर्चानं. आणि परिचयपत्रक पुन्हा छापाल तेव्हा वरची ओळ अशी घ्या :

‘विसरलेल्या पूर्वजांच्या सावल्या. 1964. दोव्झेन्को स्टुडिओ, कीव्ह. भाषा : युक्रेनी, हुत्सूल बोली. मूळ कथा : मिखायलो कोत्स्युबिन्स्की. चित्रीकरण : क्रिवोरिव्न्या आणि परिसर, कार्पेथियन पर्वत, युक्रेन.’

आपली,
एक जुनी सभासद